‘मला नाही जमणार’ म्हणणाऱ्यांनी व्यायामाला सुरुवात कशी करावी

जानेवारी लागला की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर गर्दी फुगते आणि संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत ओसरते. मीही त्या ओसरणाऱ्यांतलाच. एकदा जिमची वर्षभराची फी भरली आणि मोजून अकरा दिवस गेलो. मग ‘आपल्या अंगात व्यायाम नाहीच’ हे इतकं पक्कं मानलं, की पुढे तीन वर्षं चालायचे बूटही घेतले नाहीत.

चूक इथेच होते. आधी विश्वास वाटेल, मग सुरू करू, असं आपण ठरवतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली याच्या उलट मांडलं: ‘मला जमतं’ ही भावना सगळ्यांत जास्त येते ती प्रत्यक्ष काही जमवून दाखवल्यावर. शाबासकी, भाषणं यांचा नंबर त्यानंतरचा.

म्हणून पहिलं काम, शंका कागदावर लिहून काढा. ‘लोक हसतील’, ‘दम लागेल’, ‘परत सुटेल’, जे असेल ते. लिहिलं की तिच्यावर काहीतरी करता येतं. लोकांची लाज वाटत असेल तर गर्दीचं मैदान सोडा, कॉलनीतल्या गल्लीत चाला. दमाची भीती असेल तर वेग कमी ठेवा. मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग लक्ष्य इतकं लहान ठेवा की सांगायला लाज वाटावी. मी दहा मिनिटं ठरवली होती. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर माझ्या वडिलांच्या वयाचे काका मला मागे टाकून जायचे, तरी दहा मिनिटं झाली की मी घरी. जास्त चालायचा मोह पहिले दोन आठवडे टाळाच. उत्साहाच्या भरात पाय दुखावून घेणारे पुष्कळ पाहिलेत.

वेळ वेगळी शोधू नका, रोजच्या कामाला जोडा. सकाळचा चहा झाला की बूट, किंवा दुधाची पिशवी आणायला जाताना लांबचा रस्ता. चालून आलात की कालनिर्णयवर फुली मारा. मनाने ‘तुझ्याच्याने होत नाही’ म्हटलं की त्या फुल्या मोजायच्या.

खाडा होणारच. नाशिकचा जुलैचा पाऊस, लग्नकार्य, पाहुणे. लंडनमधल्या एका अभ्यासात (2010 साली प्रसिद्ध झालेला) सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले तर कुणासाठी 254 चा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा ‘21 दिवसांत सवय लागते’ असं जे ऐकलंय, ते विसरा. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी निम्मं चाला, पण चाला.

दहा मिनिटं सहज व्हायला लागली की दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवा. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं असा मध्यम व्यायाम सुचवते. तिथे पोहोचायला मला चार महिने लागले.

महिन्यातून एका रविवारी पांडवलेणीचा डोंगर चढा आणि किती वेळा थांबावं लागलं तेवढं लिहून ठेवा. माझा पहिला आकडा सहा होता. आता एक, तोही फोन आल्यावर. खाली उतरून मिसळ खायची की नाही, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.