जर्मनच्या डब्यात आपलं मातीचं घर

गावात सध्या जिकडं तिकडं जुनी घरं पाडणं सुरू आहे, घरकुलाचा हप्ता आला की पहिली कुदळ मातीच्या भिंतीवरच पडते. आमचंही पडलं, म्हणून तेच घर लहान करून एका डब्यात बसवलं, ते कसं करायचं ते इथं लिहिलंय. पाडायच्या आधी मी टेपनं सगळं घर मोजून वहीत लिहून ठेवलं आणि भिंतीची टोपलंभर माती बाजूला काढली. तुमचं घर अजून उभं असेल तर आजच मोजून घ्या, फोटोवरून दाराची उंची कळत नाही.

डबा मी आबाजी वावरात न्यायचे तो घेतला, जर्मनचा म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, गोल, तोंड ५ इंचाचं. आडवा ठेवायचा, तोंड आपल्याकडं. लोळू नये म्हणून खाली दोन्ही बाजूंनी तुराटीचे तुकडे लावा. माप सोपं आहे, १ फूट म्हणजे पाव इंच. म्हणजे ६ फुटांचं दार दीड इंचाचं, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडं कमी, काडी शेजारी धरली की लगेच अंदाज येतो.

फेविकॉल नुसत्या जर्मनवर नीट धरत नाही. आतून पॉलिश पेपर मारा, फेविबाँडनं जाड कागद चिकटवा, एक दिवस वाळू द्या आणि मग त्या कागदावर फेविकॉलनं थर्माकोल. थर्माकोलला फेविबाँड लावू नका, विरघळतो तो. तळाशी १ इंच भर टाकली की ४ इंच रुंद सपाट जमीन मिळते, म्हणजे १६ फूट, घर आणि आंगण दोन्ही बसतं.

आता भिंती, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. पुठ्ठ्याचा एकच थर लावतात आणि मग ते घर न दिसता खोकं दिसतं. आपल्या भिंती दीड-दीड फूट जाड असायच्या, दाराच्या चौकटीत लहान पोरगं बसून जेवायचं एवढी जागा. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक चिकटवा, ती जाडी दारात दिसली पाहिजे. वरून लिंपायला वावरातली काळी माती घेऊ नका, ती वाळली की आकसते आणि भेगा पडतात. गावातली पांढरी माती घ्या, ओढणीतून चाळा, तिच्यात गोवरीचा बारीक चुरा टाका, दोन्ही तव्यावर गरम करून घ्या म्हणजे किडे राहत नाहीत, मग पाणी-फेविकॉल घालून बोटानं पातळ थर द्या. बोटाचे ठसे राहू द्या, खऱ्या सारवणावर पण असतातच. वाळल्यावर खडूच्या भुकटीत निळीचा एक थेंब टाकून हात फिरवला की दिवाळीतली भिंत तयार.

कवेलू, म्हणजे छपराची कौलं, करायला खोक्याच्या पुठ्ठ्याला थोडं पाणी लावा, वरचा कागद सोला, आत लहरी निघतात. त्याच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापा आणि खालून वर, म्हणजे वळचणीपासून आढ्याकडं, एकावर एक चढवत लावा, उलटं केलं तर खरं पाणी आत गेलं असतं. गेरू लावा आणि दोन-चार ठिकाणी काजळ टिपा. एखादी पट्टी जरा सरकलेली ठेवा, पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे त्याच्या आधीचं घर तसंच दिसायचं.

सामान घरातलंच पुरतं. आढ्याला तुराटीचा बारीक शेंडा. तुळशीचा ओटा शाळेच्या खडूचा, वर वाळलेली मंजिरी खोचायची. रिठ्याची काळी बी म्हणजे मडकं. बाज आगपेटीच्या काड्यांची, पण ती दोऱ्यानं खरंच विणा, तासभर जातो पण तेवढं करा. आणि कोपऱ्यात कापसाचा ढीग, आमच्याकडं भाव येईपर्यंत कापूस आम्ही झोपायचो त्याच खोलीत असायचा, तो नसला तर ते घर आमचं वाटतच नाही.

चुलीत जाळ हवा तर लाल एलईडी आणि ३ व्होल्टचा बटण सेल, लांब पाय प्लसला. सेल लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं, म्हणून डब्यामागं टेपनं पक्का बंद करा.

झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, डिंक पक्का व्हायच्या आधी. माय चष्मा लावून बराच वेळ आत बघत राहिली, मग म्हणाली, "जातं तिथं नव्हतं बापा, न्हाणीच्या भिंतीले लागून होतं." माझ्या वहीत जातं नव्हतंच, मी नुसतं अंदाजानं ठेवलं होतं. हलवलं.

तोंडावर पारदर्शक प्लास्टिक लावायची घाई करू नका. मी श्रावणात चौथ्या दिवशीच लावलं आणि भिंतीवर पांढरी बुरशी चढली, अर्धं लिंपण खरवडून पुन्हा करावं लागलं. आठ-दहा दिवस उन्हात वाळू द्या, मगच बंद करा.