थंडीत फर्नेस कुरकुरतोय? या चुका टाळा

एका संक्रांतीला हळदीकुंकू आमच्याकडे होतं. वीस-बावीस बायका येणार म्हणून हॉलमधला मोठा सोफा भिंतीला सरकवला आणि तिथे बरा दिसतोय म्हणून नंतरही तसाच राहू दिला. आठवडाभरात वरच्या खोल्या गार पडायला लागल्या. खाली बेसमेंटमध्ये फर्नेस, म्हणजे गॅसवर हवा तापवून घरभर सोडणारं यंत्र, चालू व्हायचा, पाच मिनिटांत बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा. नवऱ्याने थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र, ६८ फॅरनहाइटवरून ७४ वर नेला. ढिम्म फरक नाही. शेवटी फर्नेसवाल्याला बोलावलं. त्याने हवा गाळणारा फिल्टर काढून दिव्यासमोर धरला, तर पलीकडचा उजेडच दिसेना. मग वर येऊन हॉलभर नजर फिरवली आणि एक अक्षर न बोलता सोफा दीड फूट पुढे ओढला. मागे रिटर्नची जाळी होती. घरातली हवा जिथून फर्नेसकडे परत जाते, नेमकं तेच तोंड आम्ही बंद केलं होतं. भेटीचे पैसे अर्थात पूर्ण लागले.

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. इथे ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सियसला गेला होता. असल्या दिवशी फर्नेसवाले फोनसुद्धा उचलत नाहीत, कारण अर्ध्या गावाचा फर्नेस त्याच दिवशी बंद पडलेला असतो. आणि आपण वाढलो पंखा आणि गीझरच्या घरात. त्यामुळे फर्नेस कुरकुरायला लागला की आपली एक तर विनाकारण धावपळ होते, नाही तर जिथे खरंच धावायला हवं तिथे आपण ‘बघू उद्या’ म्हणतो. दुसरी चूक जास्त महागात पडते.

आधी एक फेरी नीट ऐकून ठेवा

ऑक्टोबरमध्ये, सगळं ठीकठाक असताना, फर्नेससमोर स्टूल टाकून बसा आणि कुणाला तरी वरून थर्मोस्टॅट वाढवायला सांगा. आधी एक छोटा पंखा घुमायला लागेल. जळालेला वायू बाहेर ढकलणारा हा इन्ड्यूसर. हवा बरोबर ओढली जातेय याची प्रेशर स्विचला खात्री पटली की गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक तापतो. मग ‘टक्’ असा गॅस उघडल्याचा आवाज, पाठोपाठ हलकासा ‘फुस्स’ आणि बर्नरच्या निळ्या ज्योती. त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि घरात गरम हवा यायला लागते. सगळं मिळून दीड-दोन मिनिटांचा खेळ.

हा क्रम एकदा कानात बसला की पुढचं निदान निम्मं तिथेच होतं. इन्ड्यूसर घुमतोय पण इग्नायटर तापत नाही, की ज्योत पेटून चार सेकंदांत विझते, की ज्योत आहे पण ब्लोअर फिरत नाही, एवढं जरी फोनवर सांगता आलं तरी समोरचा माणूस बरोबर पार्ट घेऊन येतो. ‘हीट येत नाहीये’ एवढंच सांगितलं तर तो आधी बघायला येतो, मग पार्ट आणायला जातो आणि रात्र थंडीत निघते.

फर्नेस ठीक असतानाही फसवणाऱ्या गोष्टी

थर्मोस्टॅटवर फॅन ‘ऑन’ ठेवला असेल तर बर्नर बंद असतानाही ब्लोअर फिरत राहतो आणि जाळीतून गार हवा येते. तो ‘ऑटो’वर हवा. थर्मोस्टॅटचा पडदा कोरा दिसला तर आधी सेल बदलून बघा. आणि ७४ वर नेल्याने घर लवकर तापत नाही. साध्या फर्नेसची आच ठरलेली असते, तो फक्त जास्त वेळ चालतो. हे आमच्या घरी मी किती वेळा सांगितलं ते विचारू नका.

फर्नेसच्या बाजूला, नाही तर बेसमेंटच्या जिन्याशी, फर्नेसची वीज बंद-चालू करणारं, अगदी दिव्याच्या बटणासारखं दिसणारं एक बटण असतं. एका डिसेंबरात सासरे आले होते. रिकाम्या खोलीतला दिवा चालू दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो. बेसमेंटमधून वर येताना त्यांनी ‘सगळे दिवे’ बंद केले आणि संध्याकाळपर्यंत घर ५९ वर आलं. आता त्या बटणावर मराठीत चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘बाबा, हे नको.’

फर्नेसचं पुढचं झाकण नीट बसलं नसेल तरी तो चालू होत नाही. आत दारामागे सुरक्षेचं बटण असतं, ते दाबलं जावं लागतं. फिल्टर बदलून झाकण घाईने लावलं की हे हमखास होतं.

फिल्टर: सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात जास्त त्रास

फिल्टर तुंबला की आतून हवा कमी जाते. आतली हीट एक्सचेंजरची धातूची पेटी प्रमाणाबाहेर तापते, लिमिट स्विच गॅस तोडतो, ब्लोअर तेवढा फिरत राहतो, पेटी थंड झाली की पुन्हा पेटतो. आमच्या सोफ्याच्या प्रकरणात नेमकं हेच चाललं होतं. लिमिट स्विच आपलं काम करतो, पण दिवसातून शंभरदा तापून थंड होणारा धातू शेवटी थकतो, आणि ती पेटी चिरली तर मामला फिल्टरच्या किमतीचा राहत नाही.

एक इंच जाडीचा फिल्टर असेल तर थंडीत दर महिन्याला काढून बघा, आणि फार तर तीन महिन्यांत बदला. चार इंची फिल्टर सहा महिने ते वर्षभर जातो. मात्र पाकिटावरचे हे महिने फोडणी न करणाऱ्या घरासाठी असावेत, असा मला दाट संशय आहे. आपल्याकडे रोजची फोडणी, सणाला तळण आणि देवापुढे उदबत्ती. तेलाची वाफ फिल्टरवर चिकट थर धरते आणि धूळ त्यावर बसते. दिवाळीचा फराळ घरी केला असेल तर नोव्हेंबरात फिल्टर पाहाच. स्वयंपाक करताना चिमणी चालू ठेवा, आणि ती हवा घराबाहेर टाकते की आतल्या आत फिरवते तेही एकदा तपासा.

‘जास्त आकड्याचा फिल्टर जास्त चांगला’ हा आणखी एक गोड गैरसमज. मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ धरतो त्याचा आकडा. मर्व १३ चा एक इंची फिल्टर बारीक धूळ छान धरतो, पण जुन्या फर्नेसला त्यातून श्वास घेणं जड जातं. घरात ऍलर्जी नसेल तर मर्व ८ पुरतो. असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवता येते का ते विचारा. फिल्टरच्या कडेवर बाण असतो, त्याचं टोक फर्नेसकडे हवं. बदलल्याची तारीख पेनने कडेवरच लिहून टाका.

तशीच बचत म्हणून न वापरत्या खोल्यांच्या जाळ्या बंद करण्याची सवय. एखादी केली तर बिघडत नाही. पण चार-पाच बंद केल्या की परिणाम तुंबलेल्या फिल्टरसारखाच होतो.

सारखं बंद-चालू करून पेटवणं

ज्योत पेटते आणि काही सेकंदांत विझते, असं तीनेकदा होऊन फर्नेस गप्प बसतो, याला लॉकआउट म्हणतात. बहुतेक वेळा दोष फ्लेम सेन्सरचा असतो. ज्योतीत धरलेली पेन्सिलपेक्षा बारीक अशी ती एक काडी. ज्योतीतून अगदी नाममात्र, काही मायक्रोअँपिअर वीज वाहते, ती या काडीला जाणवली तरच गॅस चालू राहतो. काडीवर पुटं चढली की पेटलेली ज्योतही तिला दिसत नाही. सर्व्हिसिंगला आलेला माणूस ती बारीक स्टील वुलने पुसतो. पाच मिनिटांचं काम. हाताला सवय असेल तर वीज बंद करून, गॅसचा खटका फिरवून घरीही होतं. मी करत नाही.

नवऱ्याचा उपाय म्हणजे बटण बंद करून पुन्हा चालू करणं. त्यामुळे लॉकआउट सुटतो, फर्नेस पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा थांबतो. एकदा करून बघा, ठीक आहे. पण त्याआधी झाकणावरच्या छोट्या काचेतून आतला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. वीज तोडली की बऱ्याच फर्नेसमधला तो कोड पुसला जातो. कोडचा अर्थ झाकणाच्या आतल्या बाजूच्या कागदावर छापलेला असतो.

बर्फात गाडले गेलेले पांढरे पाइप

फर्नेस ९० टक्क्यांच्या वरच्या कार्यक्षमतेचा असेल तर घराच्या भिंतीतून दोन पांढरे पीव्हीसी पाइप बाहेर निघतात. एक हवा आत घेतो, दुसरा धूर टाकतो. हिमवादळानंतर आपण ड्राइव्हवे साफ करतो, गाडी साफ करतो आणि हे पाइप विसरतो. त्यांच्यापुढे बर्फाचा ढीग साचला की प्रेशर स्विच फर्नेस पेटू देत नाही. पाइपभोवती सगळीकडून दोनेक फूट मोकळं करा, फावड्याने पाइपाला धक्का न लावता. याच फर्नेसमधून दिवसाला काही गॅलन पाणी निघतं. त्याची नळी तुंबली किंवा बाहेर गोठली तरी फर्नेस थांबतो. खाली फरशीवर ओल दिसली तर फर्नेसवाल्याला आधी तेच सांगा.

इथे मात्र थांबायचं नाही

मोसमात पहिल्यांदा हीट लावल्यावर तासभर जळकट वास येतो. उन्हाळ्याची धूळ जळते, त्याने घाबरू नका. वायर जळल्यासारखा, प्लॅस्टिकचा वास मात्र राहिला तर फर्नेस बंद करा. ‘फुस्स’ऐवजी ‘धप्प’ असा आवाज यायला लागला तर गॅस उशिरा पेटतोय, म्हणजे पेटण्याआधी साचतोय. तो आवाज आठवडाभर ऐकत बसण्यासारखा नाही. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी किंवा ब्लोअर सुरू होताच हलणारी दिसली तर फर्नेस बंद ठेवून माणूस बोलवा.

सडक्या अंड्याचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, फोनसुद्धा घरात लावू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करा. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

कार्बन मोनॉक्साइडला, म्हणजे अर्धवट जळणातून होणाऱ्या विषारी वायूला, तर तोही वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अंगात ताप नाही, घरातल्या सगळ्यांना एकदमच, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. आपण म्हणतो फ्लूची साथ आहे, आल्याचा चहा पिऊन झोपा. असं झोपूच नका. इलिनॉयमध्ये २००७ पासून झोपायच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्याने लागतो. तो चार वेळा वाजून थांबतो आणि पुन्हा चार वेळा वाजतो, तेव्हा खिडकी उघडून बघत बसायचं नाही, सरळ बाहेर. मिनिटाला एकदा ‘टिक्’ करत असेल तर सेल संपलाय किंवा अलार्मचं वय झालंय. त्याच्या पाठीवर तारीख असते. मैत्रिणीच्या घरी तो ‘टिक्’ त्रास देतो म्हणून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलेला मी पाहिला आहे, रुमालात गुंडाळून.

फर्नेस बंद पडलेला असताना गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवणं किंवा कोळशाची शेगडी आत आणणं, हे कितीही थंडी असली तरी करू नका. विजेचा हीटर चालेल: थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शनशिवाय, आणि पडदे-पांघरुणांपासून तीन फूट दूर.

भारतात जाताना

डिसेंबरमध्ये चार आठवड्यांसाठी निघताना हीट पूर्ण बंद करून जाणारे लोक मी पाहिलेत. बिलात थोडे डॉलर वाचतात आणि परत आल्यावर बेसमेंटमध्ये फुटलेल्या पाइपाचं तळं असतं. थर्मोस्टॅट ५५ च्या खाली नेऊ नका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाइप रिकामे करा. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा. वायफायचा थर्मोस्टॅट असेल तर पुण्यात बसून घराचं तापमान दिसतं, पण वायफायच गेलं तर काहीच दिसत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली द्या, आणि दोन-तीन दिवसांनी एकदा आत डोकावायला सांगा.

सर्व्हिसिंग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उरकून घ्या. १५ ते २० वर्षं हे फर्नेसचं साधारण आयुष्य. त्या वयाच्या फर्नेसबद्दल ‘हीट एक्सचेंजर चिरलाय, नवा फर्नेस घ्या’ असं कुणी म्हणालं तर चीर डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्यात दाखवायला सांगा, आणि दुसऱ्या माणसाला बोलावून विचारा. तोपर्यंत तो फर्नेस मात्र पेटवू नका.

आमच्या फर्नेसजवळच्या फळीवर आता एक जुना चिवड्याचा डबा आहे. त्यात थर्मोस्टॅटचे सेल, आतल्या बोर्डाचा एक जादा फ्यूज, एक टॉर्च आणि मॉडेल नंबर लिहिलेला कागद. शेजारी दोन कोरे फिल्टर. तांदळाची पोती आणि रंगाचे डबे, जे आधी तिथेच असायचे, ते गराजमध्ये गेले. सोफा अजून भिंतीपासून दीड फूट पुढेच आहे, आणि येणारी प्रत्येक बाई तो मागे सरकवू का, असं विचारते.