ई-बुक घेताना आणि विकायला काढताना या चुका टाळा

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी वेगळी सांगावी लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती गावोगाव जायची, वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला. त्या पेट्या पाठवताना एकाही प्रकाशकाला विचारावं लागलं नाही. पुस्तकाचे पैसे दिले होते, म्हणजे ती प्रत आपली. कोणाला द्यायची हे आपणच ठरवायचं.

दिवाळीनंतर आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातल्या काकू काकांचा टॅब घेऊन माझ्याकडे आल्या. काकांना जाऊन दोन महिने झाले होते. "ह्यात ह्यांची दोनशेच्या वर पुस्तकं आहेत. मिलिंदच्या नावावर करून दे रे," म्हणाल्या. मला त्यांना सांगावं लागलं की ती पुस्तकं काकांच्याही नावावर नव्हती. काकांकडे होती ती वाचायची परवानगी, आणि ती परवानगी दुसऱ्याला देता येत नाही, असं दुकानाच्या अटींमध्येच लिहिलेलं होतं.

रावपुऱ्यात मी बरीच वर्षं पुस्तकांचं डीटीपी करतो, आता छोट्या मराठी प्रकाशकांना ई-बुकंही करून देतो. त्यामुळे वाचकाच्या बाजूची रड आणि प्रकाशकाच्या बाजूची धांदल, दोन्ही रोज समोर येतात. त्यातल्या ज्या चुका पुन्हा पुन्हा होतात त्या इथे लिहितो.

'विकत घ्या' हे बटण दाबलं की पुस्तक आपलं झालं असं समजणं

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात एकदा विकलेली प्रत 'चलनात आलेली' धरली जाते आणि ती पुढे कोणाला जाते यावर मूळ हक्कदाराचा ताबा राहत नाही. सुरसागरच्या काठावर जुनी पुस्तकं घेऊन बसणारा माणूस म्हणूनच निर्धास्त असतो. ई-बुकाच्या बाबतीत दुकान तुम्हाला प्रत विकतच नाही. ते परवाना देतं, आणि परवान्याला अटी असतात.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलमधून, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रातून, परस्पर काढून घेतल्या. ज्याने ती तिथे विकायला ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली, पण वाचकांनी केलेल्या खुणा आणि टिपा निरर्थक झाल्या त्या झाल्याच. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकानच बंद केलं. तिथेही पैसे परत आले आणि पुस्तकं गेली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला आहे, की फक्त परवाना देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असा शब्द वापरायचा नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ते वाक्य आपणच शोधून वाचायचं. पुस्तकाच्या पानावर खाली बारीक अक्षरात बहुधा असतं: फाइल दुसरीकडे उघडू न देणारं कुलूप, म्हणजे डीआरएम, आहे की नाही. बिनकुलपाची प्रत मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ती फाइल तुमच्या कपाटातल्या पुस्तकासारखी तुमच्याकडे राहते. दुकान उद्या असो नसो.

खातं भलत्याच्या नावावर उघडणं

आईबाबांना वाचायला मिळावं म्हणून अमेरिकेतला मुलगा स्वतःच्या खात्यावर टॅब चालू करून देतो. हेतू उत्तम. मग मराठी पुस्तक शोधलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं आणि बाबा मला फोन करतात. टॅब बडोद्यात असला तरी खातं अमेरिकेचं आहे, आणि त्या पुस्तकाची विक्री प्रकाशकाने फक्त भारतापुरती ठेवली आहे. उपाय एकच, भारताच्या पत्त्यावर स्वतःच्या नावाचं वेगळं खातं. जुनी खरेदी नव्या खात्यात येत नाही, म्हणून हे पहिल्याच दिवशी करावं.

दुसरे असतात नोकरीतला ईमेल देणारे. निवृत्तीनंतर तो ईमेल बंद होतो, पासवर्ड विसरला की तो बदलायचा दुवा त्याच बंद डब्यात जाऊन पडतो. आज वेळ असेल तर आजच खात्यावरचा ईमेल आणि फोन नंबर बदलून घ्या. घरातल्या एका विश्वासू माणसाला कोणत्या दुकानात काय घेतलं आहे एवढी यादी तरी माहीत असू द्या.

फाइल उघडली नाही की ती बिघडली असं ठरवणं

गूगल प्ले बुक्समधून पुस्तक डाउनलोड केलं आणि शेवटी 'एसीएसएम' असलेली काही किलोबाइटची फाइल आली, तर ती बिघडलेली नाही. ते पुस्तक नाहीच, ती पावती आहे. ॲडोबी डिजिटल एडिशन्स हा मोफत प्रोग्रॅम संगणकावर घालून त्यात ती उघडली की खरं पुस्तक उतरतं. तिथे ॲडोबीचा आयडी मागतात तो द्यावा आणि तोच आयडी नेहमी वापरावा. दर वेळी नवा काढला की जुनी पुस्तकं उघडत नाहीत.

किंडलवर 'लायसन्स लिमिट' असा निरोप आला तर तेच पुस्तक आधीच बऱ्याच यंत्रांवर उतरवलेलं आहे. मोडलेला फोन, विकलेला टॅब, भाच्याला दिलेलं जुनं किंडल ही सगळी खात्यातून काढून टाका, मग पुन्हा प्रयत्न करा. आणि 'संगणकावर उतरवून यूएसबीने घालतो' ही जुनी वाट आता शोधत बसू नका. ॲमेझॉनने ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली.

कुलूप तोडून देता का, असंही लोक विचारतात. मी करत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी काही केलं तर ते कलम आड येत नाही, पण दुकानाची अट मोडली म्हणून खातं बंद होण्याची टांगती तलवार राहतेच.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, कारण फार थोड्या घरांना ती माहीत असते. दिसत नसलेल्या किंवा पुस्तक हातात धरू न शकणाऱ्या माणसासाठी त्याला वाचता येईल अशी प्रत करणं आपल्या कायद्यात २०१२ पासून गुन्हा नाही. अशा वाचकांसाठीच्या माराकेश करारावर सगळ्यात आधी मोहोर उठवली ती भारताने, २०१४ मध्ये. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे. घरात असं कोणी असेल तर आधी तिथे नाव नोंदवा.

'जुनं पुस्तक आहे, पाठवायला काय हरकत' म्हणून पीडीएफ पुढे ढकलणं

पुस्तक जुनं आहे की नाही याला अर्थ नाही. लेखक कधी गेला ते पाहायचं. त्याच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, तेव्हा त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ संपेपर्यंत हक्काखाली आहे. दोघेही आपल्याला सारखेच 'जुने' वाटतात, पण कायद्याच्या लेखी ते वेगवेगळ्या बाजूला उभे आहेत. लेखक दोन असतील तर जो नंतर गेला त्याच्यापासून मोजायचं. भाषांतर असेल तर मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वी गेला असला तरी भाषांतरकाराचं वर्ष वेगळं पाहावं लागतं. नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना आणि टिपा यांचेही हक्क वेगळे.

काकूंच्या बाबतीत याच हिशेबाने मार्ग निघाला. मिलिंद आणि मी दोन रविवार बसून काकांची यादी केली. बिनकुलपाच्या दुकानातून घेतलेल्या फाइली सरळ उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवल्या. हक्क संपलेल्या लेखकांची बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आणि इतरत्र उघडपणे मिळाली. उरलेली त्या खात्यातच राहिली. काकांच्या सगळ्यात आवडीची दोन मिलिंदने छापील विकत आणली.

प्रकाशकांनो, जुन्या पत्रावर विसंबू नका

आमच्याकडे लेखक आणि प्रकाशक एकाच मंडळात भेटणारे, एकमेकांना 'अहो भाऊ' म्हणणारे. करार म्हणजे काय, तर 'पुस्तकाचे सर्व हक्क आपणांस दिले आहेत' एवढ्या एका ओळीचं पत्र. मग कोणीतरी सांगतं की ई-बुक काढा, आणि ते पत्र पुढे करून काम सुरू होतं.

त्या एका ओळीचं कायदा काय करतो ते बघा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी हवं, कोणते हक्क ते सांगायला हवं आणि मानधनही लिहायला हवं. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. १० मे १९९५ नंतरच्या करारांना हे लागू आहे. म्हणजे २००५ चं एका ओळीचं पत्र २०१० मध्येच संपलं. शिवाय हातात आलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळं लिहिलं नसल्यास, ते गळून पडतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट घातली: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा बाजारात आलेलं नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्या माध्यमाचे हक्क करारात धरत नाहीत.

आता यात चूक कुठे होते ते सांगतो. ई-बुक दुकानावर चढवताना एक प्रश्न येतो: हक्क कुठले, जगभरचे की ठरावीक देशांचे? आपला माणूस खुशाल 'जगभर' वर टिचकी मारतो, कारण शिकागोतल्या मराठी वाचकाला पुस्तक हवं असतं. हाताशी असलेल्या पत्रात प्रदेश लिहिलेला नाही, म्हणजे हक्क भारतापुरते. त्या टिचकीने तुम्ही दुकानाला लेखी सांगता की माझ्याकडे नसलेले हक्क माझ्याकडे आहेत. ऑर्वेलच्या पुस्तकांचं २००९ मध्ये नेमकं हेच झालं होतं.

म्हणून ई-हक्कांसाठी वेगळं पानभर पत्र करा. पुस्तकाचं नाव, ई-बुक आणि वाटलं तर ऑडिओही, किती वर्षं, कुठले देश, विक्रीच्या किती टक्के मानधन, हिशेब वर्षातून कधी, आणि पुस्तक दुकानातून काढायचं झालं तर कोणी कोणाला किती आधी कळवायचं. लेखक हयात नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. थोरल्या मुलाने सही केली आणि पुण्याला, इंदूरला दिलेल्या बहिणींना पत्ताच नाही, असं एक प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. पुस्तक तीन आठवड्यांत खाली उतरवावं लागलं आणि बहीणभावांत अबोला आला तो वेगळाच. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही विसरू नका. त्याने चित्र छापील पुस्तकासाठी दिलं असेल तर ई-बुकासाठी पुन्हा विचारा.

किंडलवर स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी अजून एक. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर ॲमेझॉनच्या 'केडीपी सिलेक्ट' योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. त्या योजनेत ९० दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही देता येत नाही, आणि मुदत आपोआप वाढत जाते. त्याच काळात त्यातल्या कथा दिवाळी अंकाच्या पीडीएफमध्ये गेल्या तर अट मोडली. छापील अंकाला हरकत नाही, डिजिटल अंकाला आहे. संपादकांना हे आधी सांगा, नाहीतर मुदत संपेपर्यंत थांबा.

फाइल तयार करतानाच्या दोन चुका

श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये पेजमेकरवर लावलेलं पुस्तक तसंच ई-बुक होत नाही. ती अक्षरं युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखीच कळणारी, नसतात, दुसऱ्याच्या यंत्रावर त्यांचे चौकोन किंवा इंग्रजी गिचमिड होते आणि पुस्तकात शब्द शोधता येत नाही. आधी युनिकोडमध्ये बदला, आणि बदलून झालं की माणसाने पूर्ण वाचा. रफार, अर्धा र, 'ज्ञ' आणि 'श्र' हे हमखास घोळ घालतात. 'दऱ्या'चं 'दर्या' झालेलं यंत्राला कळत नाही. फाँट पुस्तकात घालायचा तर त्याचा परवाना तसं करू देतो का तेही पाहा. मुक्ता आणि नोटो हे मुक्त परवान्याचे फाँट आहेत, मी बहुतेक कामं त्यांतच करतो.

दुसरी चूक आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-बुकाला लावू नका. ती वेगळी आवृत्ती आहे, तिला वेगळा क्रमांक लागतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून तो फुकट मिळतो. अर्ज ऑनलाइन आहे, पण मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा मजकूर दुरुस्तीला बसाल त्याच आठवड्यात तो भरून टाका.