हरणाच्या सीझनआधी घरी काडतुसं भरायची तयारी

टेक्सासमध्ये हरणाचा जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे स्वतः भरलेली काडतुसं घेऊन जायचं असेल तर ऑगस्टमध्येच टेबल मांडा, कारण भरणं एका संध्याकाळचं काम आहे पण तो लोड, म्हणजे पावडर-बुलेटची ती जुळणी, आपल्या रायफलला मानवतोय का हे बघायला रेंजवर चकरा होतात.

आधी कागद. एच१बी वाल्यांनो, व्हिसावर असताना बंदूक काय, काडतूस जवळ ठेवायलाही फेडरल कायद्यात बंदी आहे, सुटायची नेहमीची वाट म्हणजे चालू हंटिंग लायसन्स, ते हातात आल्याशिवाय मित्राच्या गॅरेजमध्येही बसू नका. ग्रीनकार्डवाल्यांना ही भानगड नाही. स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स नको, विकायला हवं, त्यामुळे ‘फक्त सामानाचे पैसे दे’ असलं काही करू नका. आणि हे सगळं अमेरिकेतलं बरं का, गावी विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे.

आता ब्रास, म्हणजे वापरलेल्या केसेस, काडतुसाची रिकामी पितळी नळकांडी. इथे वेळ घालवा, खरं काम इथेच आहे. धुवून पुसून उजेडात एकेक फिरवून बघायची, तोंडाला चीर असेल तर सरळ भंगारात, आणि बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागली की समजा ती केस पुढच्या बाराला तिथेच तुटणार. आत डोकावून प्रायमरचं, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचं, भोकही बघा, मधोमध एक असेल तर ठीक, दोन बारीक असली तर ती बर्डन केस, डायची, म्हणजे केस दाबून परत मापात आणणाऱ्या साच्याची, पिन मोडेल. ल्यूब, म्हणजे केसला लावायचं वंगण, कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, जास्त झालं तर खांद्याला पोचा पडतो. .३०८ विंचेस्टर असेल तर साइझ करून झाल्यावर कॅलिपर लावा, २.०१५ इंचाच्या वर गेलेली कापून २.००५ ला आणायची.

पावडरचा एकच डबा टेबलावर, बाकीचे कपाटात, यात तडजोड नाही. एच४३५० आणि आयएमआर ४३५० नावाने भावंडं वाटतात पण वेगळ्या पावडरी आहेत, एकीचा भरायच्या वजनाचा आकडा दुसरीला लावायचा नाही. लेबल गेलेल्या डब्यातली पावडर वास घेऊन, रंग बघून ओळखणारे महाभाग असतात, तुम्ही ती वापरू नका. आकडे पावडर किंवा बुलेट कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच, कुणाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधून नाही, आणि सुरुवात खालच्या आकड्यापासून. बुलेट, प्रायमर, ब्रास, काहीही बदललं की परत खालून. कॅलिफोर्नियात शिकारीला शिसं १ जुलै २०१९ पासून बंद आहे, तिथले लोक तांब्याची बुलेट घेतात, ती तेवढ्याच वजनाला लांब असते म्हणून तिचा डेटा वेगळा बघायचा.

डिजिटल काटा अर्धा तास आधी चालू करून ठेवा, पंखा एसी बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, चेकवेट, म्हणजे नेमकं माहीत असलेलं वजन, ठेवून बघा. सगळ्या केसेस भरल्या की बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून ट्रेमधली पातळी एकसारखी आहे ना ते बघायचं. ९ एमएम भरणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये, तिथे बऱ्याच पावडरींचा डबल चार्ज (चुकून दोनदा ओतलेली पावडर) गुपचूप मावतो, आणि एखादी केस रिकामी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर बुलेट नळीत अडकते आणि मागून दुसरी येते.

बिअर नंतर. पोरं झोपल्यावर बसा पण स्वतः पेंगत असाल तर नको. टंबलरच्या, म्हणजे केसेस घासून साफ करणाऱ्या मशीनच्या, धुळीत शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहा नाही. डब्यावर तारीख, पावडर, वजन, बुलेट, प्रायमर सगळं लिहायचं.

अजून एक, रेंजची बॅग भारतात जाताना कधीच वापरू नका. तळाच्या शिवणीत राहिलेलं एक काडतूस दिल्ली-मुंबईच्या एअरपोर्टवर एक्सरेत दिसलं तर थेट पोलीस केस होते, त्यासाठी वेगळी बॅग घ्या आणि तिला रेंजवर नेऊच नका.