या चुका टाळा: विशेष शाळेतली फीट, ऊन आणि कूलर

बौद्धिक अक्षमता असलेली बरीच मुले दुखतंय, तहान लागली, गरगरतंय हे शब्दांत सांगत नाहीत. ते त्यांच्या वागण्यातून दिसते आणि नेमके तेच 'आज चिडलाय' म्हणून सोडून दिले जाते. शांत मूल एकाएकी डोके आपटू लागले, स्वतःला चावू लागले, तर आधी कान, दात, घसा आणि पोट बघा. शौचाला कधी झाली, हे घरी विचारा. बूट काढून आत खडा आहे का तेही पाहा. शिस्तीचे नंतर.

फीट आल्यावर

कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांमध्ये चमचा घालणे हे प्रकार अजून सर्रास चालतात. बहुतेक फीट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून श्रेय कांद्याला मिळते. चमच्याने मात्र दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

पहिले काम घड्याळ बघण्याचे. मग आजूबाजूची बाके सरकवा, डोक्याखाली घडी केलेली ओढणी ठेवा, गळ्याशी घट्ट असलेले बटण सोडा आणि मुलाला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. हातपाय दाबून धरू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा देऊ नका. फीट पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली किंवा मुलाला ही पहिल्यांदाच आली असेल, तर 108 ला फोन लावा.

काही मुलांना डॉक्टर मिडाझोलमचा (चालू फीट थांबवणाऱ्या औषधाचा) नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात. तो कार्यालयाच्या कपाटात आणि किल्ली एकाच माणसाकडे, ही व्यवस्था पाच मिनिटांच्या हिशेबात बसत नाही. मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, पण वर्गाजवळ ठेवा. सोबत मुलाचे नाव, किती द्यायचा आणि कितव्या मिनिटाला, हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

चुकलेली गोळी हे फीट येण्याचे मोठे कारण आहे. 'सकाळची गोळी दिली का?' हा प्रश्न मूल व्हॅनमध्ये चढतानाच मदतनीस ताईंनी पालकांना विचारावा. पातळ औषध असेल तर चहाच्या चमच्याने मोजू नका. मिलीच्या खुणा असलेली सिरिंज वापरा.

घाम नाही म्हणजे ऊन लागले नाही?

नागपुरात मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. फीटवरच्या टोपिरामेट, झोनिसामाइड या औषधांनी घाम कमी येऊ शकतो. अंगाचा ताठरपणा, कंप यांवरच्या ट्रायहेक्सिफेनिडिलनेही तसेच होते. अशा मुलाचे अंग कोरडे आणि तापलेले लागते, पण घाम नाही म्हणून कोणाला शंका येत नाही. या मुलांची नावे खेळाच्या सरांकडे लिहून ठेवा. तहानेची वाट न पाहता प्रत्येक तासाच्या घंटेला पाणी द्या. (पाणी मोजून द्यायचे असे डॉक्टरांनी सांगितलेली मुले वेगळी.) अंग तापून मूल बरळायला किंवा गळून पडायला लागले, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून पंखा लावा आणि 108 बोलवा. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही.

कूलर

पत्र्याचा कूलर आणि पाण्याचे वेड असलेले मूल, ही जोडी धोक्याची. पंपाची वायर सोलली गेली आणि अर्थिंग तुटलेले असेल, तर पत्र्यात करंट उतरतो. कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि टाकीपर्यंत हात जाणार नाही अशी जाळी बसवा. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) लावून घ्या आणि तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. बटण दाबूनही ट्रिप होत नसेल तर ती बदला. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसते बटण बंद करून भागत नाही. कोणी चिकटलेच तर हात न लावता आधी मेन स्विच पाडा. दुसरी चूक पावसाळ्यातली. जूनअखेरीस शाळा उघडते, कूलर बंद असतो, पण टाकीत पाणी तसेच. डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत त्यातूनच तयार होतो. टाकी उपसा, कडा घासा (अंडी तिथेच चिकटतात) आणि कोरडी ठेवा.

जेवण, खेळ, व्हॅन

नीट चावता न येणाऱ्या मुलाला फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षे नकोत. संत्र्याची फोडही साल आणि बी काढून. ताठ बसवून, छोट्या घासांनी भरवा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी किंवा शीर्षासन करून घेऊ नका. मान वाकडी धरणे, चाल बदलणे, लघवीवरचा ताबा सुटणे दिसले, तर खेळ थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

व्हॅनमध्ये चढताना मुले मोजतात, उतरताना मोजत नाहीत. झोपलेले मूल मागच्या सीटवर राहून जाते आणि एप्रिलमध्ये बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. 'गाडी तपासली' ही पाटी शेवटच्या सीटमागे टांगा. ती काढून आणल्याशिवाय व्हॅनवाल्या काकांची सही घेऊ नका.