बेळगाव भागातल्या वाचक-प्रेक्षकांची वर्गवारी कशी करायची

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी लोकल पेपर किंवा यूट्यूब चॅनेल काढलं की जाहिरातदार पहिलं विचारतो, तुमचं पब्लिक कोण? "सगळेच बघतात की" म्हणून भागत नाही.

सुरुवात एनसीसीएसपासून (न्यू कन्झ्युमर क्लासिफिकेशन सिस्टीम, म्हणजे घरांची ऐपतीवरून वर्गवारी) करा. 2011 ला आलेली ही भारतातली पद्धत, घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि 11 पैकी किती गोष्टी घरात आहेत (लाइट, पंखा, गॅस, टूव्हीलर, कलर टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, कार, एसी, शेतजमीन) एवढ्यावरून ए1 ते ई3 असे 12 गट, म्हणजे ग्रेड, पडतात. पगार विचारत बसू नका, खरा आकडा कोण सांगत नाही. ब्रिटनची ए, बी, सी1, सी2 वाली पद्धत नोकरीधंद्यावर बेतलेली आहे, ती इथं आणली की अडतं, वडगावात घरातच दोन माग टाकून स्वतः चालवणाऱ्याला मालक धरणार का कामगार?

वय, बाई-पुरुष, गाव की शहर हे रकाने सोपे आहेत, पटकन भरून होतात.

खरं काम भाषेचं. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड मातृभाषा सुमारे 68 टक्के, मराठी सुमारे 19. हा आकडा धरून आपला प्रेक्षक मोजला तर फसाल, कारण मराठी जास्त असलेला खानापूर तालुका आणि कन्नड जास्त असलेला सौंदत्ती तालुका यांची तुलनाच होत नाही. तालुकावार बघा. आणि नुसतं "मातृभाषा कुठली" विचारू नका, इथं तो प्रश्न विचारला की माणूस सावध होतो, उत्तर अभिमानाचं येतं, सवयीचं येत नाही. त्यापेक्षा असं विचारा: घरात काय बोलता, शाळा कुठल्या मीडियमची, काल मोबाइलवर शेवटचं काय बघितलात, पेपर कुठल्या भाषेतला वाचता.

हे प्रश्न घराला नको, माणसागणिक विचारा. आज्जी मराठी सिरियल सोडत नाही, नातू कन्नड मीडियमचा, बोलतो झकास मराठी पण मराठी बातमी वाचायला दिली की जोडाक्षराला अडतो. घर एक, ग्रेड एक, पण व्हिडिओला दोघंही तुमचे आणि छापील पेपरला फक्त आज्जी. मला तर हा फरक ग्रेडपेक्षा मोठा वाटतो.

सकाळी उद्यमबागेच्या (बेळगावची कारखान्यांची वसाहत) शिफ्टला जाणारे आणि दिवसा घरी असणाऱ्या बायका यांची बघायची वेळ वेगळी, म्हणून वेळेचाही रकाना ठेवा. शेवटी तक्ता करताना एखाद्या खान्यात तीसच्या आत माणसं आली तर त्याची टक्केवारी काढू नका, शेजारच्या गटात मिसळा आणि तसं खाली लिहा.