कळसूबाईला जाताय? शिड्यांचा विचार करून वेळ ठरवा

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, त्यामुळे पावसाळ्यात शनिवार-रविवारी गर्दी असतेच. बारी गावातून वर जायला साधारण तीन तास धरा, पण खरा वेळ खातात त्या लोखंडी शिड्या, कारण चढणारे आणि उतरणारे तिथेच समोरासमोर येतात आणि मग सगळेच अडकतात. म्हणून जमलं तर मधल्या वारी जा, नाहीतर पहाटे उजाडायच्या आधीच बारीतून निघा, टॉर्च मात्र प्रत्येकाकडे हवाच.

उतरताना शिडी ओली असेल तर तोंड शिडीकडे करून उतरा, दोन्ही हात मोकळे ठेवा, मोबाईल सरळ सॅकमध्ये टाका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय, एका हाताने व्हिडिओ काढत उतरणारे बघितले की पोटात गोळा येतो. बूट चांगल्या ग्रिपचे घाला. वर वारा भयंकर असतो तिथे छत्रीचा काही उपयोग नाही, रेनकोटच घ्या. प्रत्येकी दोन लिटर पाणी खालूनच घ्या. आकाश मोकळं असलं तर समोरचे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले मस्त दिसतात. विजा चमकायला लागल्या तर मात्र शिखराचा हट्ट सोडा आणि खाली या.